इंजिन फुकट, मग निवड कशाची?

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की मुट्टुकाडूची खाडी ओलांडल्यावर कोवलम लागतं. केरळातलं नव्हे, हे चेन्नईकरांचं कोवलम, जुन्या नकाशांतलं कोव्हलाँग. मूळचं मासेमारीचं गाव, अलीकडे लाटांवर फळ्या घेऊन उतरणाऱ्या पोरांचं. तोच रस्ता धरून वीसेक किलोमीटर पुढे गेलं की मामल्लपुरम. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ४४ वं बुद्धिबळ ऑलिम्पियाड तिथे झालं. ते व्हायचं होतं रशियात. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाकडून ते काढून घेण्यात आलं आणि तमिळनाडूने झेललं. चेन्नईतला नेपियर पूल काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगला आणि वेष्टी नेसलेला ‘तंबी’ नावाचा घोडा पोस्टरापोस्टरांवर हात जोडून उभा राहिला.

त्या ऑलिम्पियाडचं मराठी खातंही जड होतं. कांस्यपदक मिळवणाऱ्या महिला संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि संघाचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे. खुल्या गटात कांस्य जिंकणाऱ्या भारत ‘ब’ संघात नागपूरचा रौनक साधवानी. पहिल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी, तिसऱ्यात अभिमन्यू पुराणिक. महिलांच्या दुसऱ्या संघात सौम्या स्वामिनाथन आणि नागपूरची दिव्या देशमुख. याच दिव्याने तीन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही.

कोवलमहून आत वळलं की केळंबाक्कम, पाडूर, सिरुसेरी. आयटीच्या नोकऱ्यांपायी इकडे आलेली मराठी घरं या पट्ट्यात आहेत, आणि त्यांतल्या ज्या घरी पोर बुद्धिबळाच्या क्लासला जातं तिथे एक प्रश्न हमखास निघतो: ‘क्लास लावलाय, आता घरच्या लॅपटॉपवर कोणतं सॉफ्टवेअर टाकू? सगळ्यात स्ट्राँग कुठलं?’

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याला बिघडवतो. सगळ्यात बलवान ते फुकट मिळतं आणि दहा मिनिटांत उतरवता येतं. तेव्हा ताकद हा निवडीचा मुद्दाच राहिलेला नाही.

पूर्वी तसं नव्हतं. १९८६ पासून निघत गेलेल्या ‘चेसमास्टर’च्या खोक्यात सगळं एकत्र असे: खेळणारं यंत्र, पट, धडे, जुने डाव. आवडलं तर सगळं घ्यायचं, नाहीतर सगळं सोडायचं. २००० सालच्या नोव्हेंबरात ‘श्रेडर’चा जर्मन कर्ता श्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी यूसीआय नावाचा संकेत जाहीर केला आणि इंजिन व पट यांची फारकत पक्की झाली. शेगडी कुठल्याही कंपनीची असो, सिलिंडर बसतो, तसं कुठलंही इंजिन कुठल्याही पटाला जोडता येऊ लागलं. म्हणून आज ‘सॉफ्टवेअर’ म्हणताना तीन वेगळ्या वस्तू डोक्यात असाव्यात: चाल शोधणारं इंजिन, ते ज्यात बसतं ती पटाची खिडकी, आणि डावांचा साठा. पैसे आणि डोकं कुठे खर्चायचं हे या विभागणीतूनच कळतं.

इंजिनाचं आधी उरकून घेऊ. स्टॉकफिश. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडचं ‘ग्लाउरुंग’ हे इंजिन घेऊन इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने २००८ मध्ये ते सुरू केलं. त्याचा कोड सर्वांना खुला आहे. २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉटने ‘फिशटेस्ट’ उभारलं. जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात, कोडमधला प्रत्येक छोटा बदल हजारो डावांत घासून बघितला जातो, टिकला तरच आत जातो. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ वेळा हरवलं आणि ७२ डाव बरोबरीत सोडवले. स्वतः एकही हरलं नाही. तेव्हा स्टॉकफिशचे दिवस भरले असं पुष्कळांना वाटलं. अल्फाझीरो कुणाच्या घरी कधी आलं नाही, पण न्यूरल नेटवर्कच्या त्याच विचारावर, पुन्हा लिन्स्कॉटच्याच पुढाकाराने, २०१८ मध्ये ‘लीला चेस झीरो’ उभं राहिलं. तेही फुकट. त्याच वर्षी जपानच्या यू नासूने शोगी या जपानी बुद्धिबळासाठी साध्या प्रोसेसरवर चालणारं छोटं न्यूरल नेटवर्क काढलं. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने ते आत घेतलं आणि पुन्हा आघाडी घेतली.

घरासाठी यातून एवढंच निघतं: लीलाला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं, स्टॉकफिशला लागत नाही. गेमिंगचा संगणक घरात असेल तर लीला जरूर बसवा. तिची चाल पुष्कळदा वेगळ्या चवीची असते, प्यादं सोडून देऊन शांत बसण्याची. नाहीतर स्टॉकफिश. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२. इंजिनांच्या याद्यांत वरची मंडळी ३५०० च्या पुढे आहेत. दोन्ही आकडे एका पट्टीने मोजलेले नाहीत हे खरं, पण १४५० रेटिंगच्या पोराला या दोन पट्ट्यांतला फरक कधीच भेटणार नाही.

मग विकतच्या इंजिनांचं काय? ‘कोमोडो’, आताचं ‘ड्रॅगन’, हे चांगलं इंजिन; २०१८ मध्ये ते चेस डॉट कॉमने घेतलं. त्याला खेळाचे वेगवेगळे स्वभाव देता येतात, तेवढी गंमत. बाकी या बाबतीत ‘फॅट फ्रिट्झ २’चं प्रकरण आठवणीत ठेवावं. २०२१ च्या आरंभी हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीने ते मोठ्या जाहिरातीने बाजारात आणलं. स्टॉकफिशच्या मंडळींनी दाखवून दिलं की आतलं यंत्र त्यांचंच आहे, बदललं आहे ते मुख्यतः नेटवर्क. त्याच वर्षी त्यांनी म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि फॅट फ्रिट्झ २ ची विक्री थांबली. माझं मत सरळ आहे: घरच्या वापरासाठी इंजिनावर एक रुपयाही घालू नये.

उतरवताना मात्र एका जागी लोक अडतात. स्टॉकफिशच्या पानावर एकाच आवृत्तीच्या चार-पाच फायली असतात आणि नावांत एव्हीएक्स२, बीएमआय२, एसएसई४१-पॉपसीएनटी असली शेपटं. ही प्रोसेसरच्या वयाची खूण आहे. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपवर एव्हीएक्स२ चालतं. जुन्या यंत्रावर चुकीची फाइल टाकली तर इंजिन काही न बोलता बंद पडतं आणि माणूस समजतो सॉफ्टवेअरच खराब. अशा वेळी खालच्या पायरीची फाइल घ्यावी; वेग थोडा कमी होतो, काम अडत नाही.

दुसरी गोष्ट थ्रेड्सची. सेटिंगमध्ये ‘थ्रेड्स’ म्हणजे प्रोसेसरचे किती धागे कामाला लावायचे, आणि ‘हॅश’ म्हणजे मोजलेल्या स्थिती लक्षात ठेवायला किती मेमरी द्यायची. उत्साहात दोन्ही पुरेपूर ताणले जातात. कोवलमला एप्रिल-मे महिन्यांत, एसी नसलेल्या खोलीत, हे करून बघा: पाचव्या मिनिटाला पंख्याची घरघर, दहाव्याला लॅपटॉपखालची मांडी भाजते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे चार धाग्यांचं काम दोनाइतकंच होतं. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत यंत्राचं आयुष्य तसंही कमी. त्यात रोज ही तापणावळ कशाला? दोन थ्रेड्स, ५१२ एमबी हॅश. यावर स्टॉकफिश क्षणात जे सांगतं ते तपासायची ऐपत आपल्यात कुणाचीच नाही.

आता खिडकी. निवड खरी इथे आहे.

विंडोजवर फुकटात ‘अरीना’ जुनं आणि भरवशाचं. दिसायला मात्र २००५ सालात राहिलेलं. ‘स्किड व्हर्सेस पीसी’ विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि लाखो डावांचा साठा सहज पेलतं. ज्याला ओपनिंगचा अभ्यास करायचा आहे आणि पैसे घालायचे नाहीत त्याने डोळे मिटून हे घ्यावं, फक्त पहिला आठवडा त्याच्या मेनूंशी झुंजायची तयारी ठेवावी. नव्यांपैकी ‘आँ क्रोआसाँ’ फुकट आहे, देखणं आहे, तिन्हींवर चालतं. इंजिन तेच उतरवून देतं, त्यामुळे वरची शेपटांची भानगड टळते. स्पेनच्या लुकास मोंगेचं ‘लुकास चेस’ मात्र वेगळ्या जातीचं. ते अभ्यासाचं सॉफ्टवेअर आहे: दुबळ्यापासून बलदंडापर्यंत इंजिनांची रांग, कोडी, एंडगेमचे सराव, चूक झाली की टोकणारा शिक्षक. मांडणी कोठीघरासारखी, हाताला लागेल ते तिथे. पण नवशिक्या पोरासाठी माझी पहिली शिफारस हीच.

मॅकवाल्यांना फुकटात वरची, तिन्हींवर चालणारी दोन आहेतच. विकतमध्ये ‘हायरक्स चेस एक्सप्लोरर’ नीटस आहे. मॅकमध्ये आधीपासून येणारा ‘चेस’ हा आजोबांनी दुपारी एक डाव टाकण्यापुरता ठीक.

लिनक्सचा विषय इथे पुस्तकी नाही. २०११ पासून तमिळनाडू सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या मुलांना फुकट लॅपटॉप वाटले. त्यांत विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही असे, सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर बेतलेलं. असे लॅपटॉप या गावांतल्या घरांत अजून सापडतात, बॅटरी मेलेली, बाकी धड. डेबियनच्या भांडारात स्टॉकफिश, स्किड, पायचेस आणि ग्नोम चेस सगळं तयार मिळतं. त्या म्हाताऱ्या यंत्रावरचं स्टॉकफिशसुद्धा जगज्जेत्याला भारी आहे. कामवाल्या बाईंच्या मुलीकडे तो लॅपटॉप आहे आणि आपल्या पोराकडे लाखाचा, तरी बुद्धिबळापुरती दोघं सारखीच, ही या सगळ्या व्यवहारातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

खिडकी पारखायची कशी? मी एक जुनी स्थिती मांडतो. पांढऱ्याचा राजा बी६ वर, प्यादं सी६ वर. काळ्याचा राजा ए१ च्या कोपऱ्यात, हत्ती डी५ वर. खेळी पांढऱ्याची. ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेड्रा या स्पॅनिश पाद्र्याने १८९५ मध्ये यातला विजय शोधला आणि त्या एका चालीने त्याचं नाव राहिलं. प्यादं सी७ वर जातं, हत्ती शह देत राहतो, राजा बी५, बी४, बी३ असा एकेक घर खाली उतरत सी२ वर येतो. काळ्याचा हत्ती डी४ वर. आता प्यादं शेवटच्या घरात जाणार, वजीर होणार. कोणीही वजीरच करील. पण वजीर केला की हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने तो मारला तर काळ्या राजाला हलायला घरच उरत नाही, डाव पॅट, बरोबरी. म्हणून साव्हेड्राने वजीर केला नाही, हत्ती केला! आता ए८ वर शह देऊन मात करण्याची धमकी. काळ्याचा हत्ती ए४ वर धावतो, राजा बी३ वर येतो, आणि हत्तीवर मार व सी१ वर मात या दोन गोष्टी काळ्याला एकदम वाचवता येत नाहीत.

कुठलंही इंजिन ही चाल डोळ्याचं पातं लवायच्या आत दाखवतं. दाखवतं, आणि पोर ‘हं’ म्हणून पुढे जातं. त्याला पडायला हवा तो प्रश्न असा की वजीर का नाही. याचं उत्तर इंजिनाच्या पहिल्या ओळीत नसतं. त्यासाठी खिडकीत तीन सोयी हव्यात: इंजिन एका कळीने झाकता यावं, चुकीची चाल, म्हणजे वजीर, प्रत्यक्ष खेळून पाहता यावी आणि समोरून हत्ती सी४ वर आलेला दिसावा, आणि ही फांदी मूळ डावाला धक्का न लावता टिपणासह साठवता यावी. वर सांगितलेल्या बहुतेकांत हे होतं, पण कुणात दोन कळांत, कुणात सात. घरी बसवण्याआधी ही स्थिती मांडून कळा मोजाव्यात.

इंजिनाच्या आकड्यांबद्दलही थोडं. पटाशेजारी +०.६ किंवा −१.२ असं काही झळकत असतं आणि पालक ते तापमापकासारखे वाचतात. एके काळी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी. डिसेंबर २०२२ मधल्या स्टॉकफिश १५.१ पासून त्याचा अर्थ बदलला: +१ म्हणजे इंजिनाविरुद्ध इंजिन अशा लढतीत जिंकण्याची निम्मी शक्यता. शालेय स्पर्धेत +३ चे डाव हरले जातात आणि −५ चे जिंकले जातात. तेव्हा +०.६ वरून ०.० झालं म्हणून पोराला ‘तू इथे घाण केलीस’ म्हणू नये. घाण वगैरे काही झालेलं नसतं.

खेळायला जोडीदार म्हणून मात्र इंजिन वाईट. स्टॉकफिशला ० ते २० अशी कौशल्याची पातळी देता येते, पण खाली आणलेलं इंजिन माणसासारखं दुबळं होत नाही. दहा चाली उस्तादासारख्या आणि अकरावीला वजीर फुकट. पोर जिंकतं आणि काही शिकत नाही. यावरचा खरा तोडगा २०२० मध्ये ‘माया’ने दिला. कॉर्नेल, टोरांटो आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लीचेस या संकेतस्थळावर माणसांनी खेळलेले डाव घेऊन, ११०० पासून १९०० पर्यंतच्या प्रत्येक पायरीचा माणूस कोणती चाल करील हे यंत्राला शिकवलं. म्हणजे माया ११०० चुकते ती अकराशेचा माणूस चुकतो तिथेच. लुकास चेसमध्ये ती आहे, लीचेसवर बॉट म्हणूनही भेटते. पोरापेक्षा एक पायरी वरची माया लावावी.

डावांच्या साठ्यासाठी फुकटात भागतं. मार्क क्राउदर १९९४ पासून ‘द वीक इन चेस’ चालवतो आणि दर आठवड्याचे डाव पीजीएन फायलीत देतो. पीजीएन हा साधा मजकूर. नोटपॅडमध्येही उघडतो, वीस वर्षांनीही उघडेल. स्वतःच्या पोराचे डाव याच रूपात ठेवा, कुठल्याही कंपनीच्या खास साच्यात नको. मोजक्या मोहऱ्या उरल्यावरचा अचूक निकाल सांगणाऱ्या एंडगेमच्या सिझिजी तक्त्यांपैकी पाच मोहऱ्यांपर्यंतचे एका जीबीच्या आत मावतात, तेवढे घ्यावेत. सहाचे दीडशे जीबीच्या आसपास जातात आणि सातचे घरच्या डिस्कच्या आवाक्याबाहेर, सतरा-अठरा टीबी. ते लीचेसवर पाहता येतात.

लीचेसचं नाव पुन्हा आलं, तर मग घरी काही बसवायचंच कशाला? रास्त प्रश्न. फ्रान्सच्या तिबो दुप्लेसीने २०१० मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ फुकट, जाहिरातीविना. स्टॉकफिश ब्राउझरमध्येच चालतं, साठा आहे, कोडी आहेत, मराठी आणि तमिळ दोन्ही भाषा आहेत. बहुसंख्य घरांना हे पुरे आहे. माझे आक्षेप दोन. एक, ब्राउझर उघडला की ‘फक्त एक ब्लिट्झ’ सुरू होतो आणि अभ्यास राहतो. दोन, नेट. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळामुळे चेन्नईच्या कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज आणि नेट नव्हतं. वीज आधी येते, नेट मागाहून. त्या मधल्या दिवसांत डिस्कवर जे असेल तेच तुमचं. वादळ नसलं तरी किनाऱ्यालगत पावसाळ्यात हे छोट्या प्रमाणात होतच असतं.

आता ज्या शहराच्या वेशीवर हे सगळं चाललंय तिथलंच एक उदाहरण. चेन्नईचा डी. गुकेश जानेवारी २०१९ मध्ये १२ वर्षं ७ महिने १७ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला. मामल्लपुरमला त्याने ओळीने आठ डाव जिंकले आणि पहिल्या पटाचं सुवर्णपदक घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला ७.५–६.५ हरवून तो जगज्जेता झाला. त्याचे त्या घडणीच्या वर्षांतले प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला इंजिनापासून लांब ठेवलं होतं, २५०० च्या पुढे जाईपर्यंत. हे त्यांनी उघडपणे सांगितलेलं आहे. सगळ्यांना हे जमेल असं नाही. पण बाराशे रेटिंगच्या पोराला दर चालीमागे इंजिन दाखवणाऱ्या बापाने हे एकदा मनात घोळवावं. घरात माझी सूचना एवढीच असते: डाव संपला की आधी पोराने आपल्या हाताने, पटावर, तीन जागा शोधायच्या जिथे त्याला काही सुचलं नव्हतं. मग संगणक. मग त्याच तीन जागा.

राहता राहिलं चेसबेस. कास्पारोव्हच्या काळापासून व्यावसायिकांचं हत्यार, फक्त विंडोजवर चालणारं, मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव, मोठ्या खेळाडूंच्या टिपणांसह. भारतात सागर शाह आणि अमृता मोकल यांच्या चेसबेस इंडियामुळे ते मिळणं आणि शिकणं दोन्ही सोपं झालं आहे. किंमत काही हजारांत जाते आणि नवी आवृत्ती आली की पुन्हा. ते कधी घ्यायचं याची खूण सोपी आहे. पोराचा प्रशिक्षक त्याच्या साच्यातल्या फायली पाठवायला लागला, आणि पुढच्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याचे डाव शोधून आदल्या रात्री तयारी करण्याची वेळ आली, की घ्यावं. तोवर त्या पैशांत दोन स्पर्धांची प्रवेश फी आणि एक डिजिटल घड्याळ येतं, आणि चेन्नईत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असतेच.